बाईंची भुजली

जर्मन भाषा मी चौदा महिने शिकले. माझ्या घरमालकीणबाई एक दिवसही शिकल्या नाहीत. तरी जर्मनीतली एक सत्तरीची बाई माझ्या फोनवर, माझ्या खात्यावर, मी ठरवलेल्या वेळेला यायची आणि मला बघून पहिलं वाक्य म्हणायची, "बाई कुठी हाय?" मी केस विंचरून, वही उघडून, पाठ केलेली वाक्यं जिभेवर घेऊन बसलेली असायची. वाटायचं, फोन उचलावा आणि सरळ विहिरीत टाकावा.

आपल्याला कुणाचा हेवा वाटतो, हे लोक सहसा कबूल करत नाहीत. मी करते. मला बाईंचा हेवा वाटायचा आणि तो चांगला भरपेट वाटायचा. ज्यांना स्वतःची सही करायला तीन मिनिटं लागायची, जर्मनी कोणत्या दिशेला आहे हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांचा मी, नर्सिंगला पहिल्या वर्गात आलेली मुलगी, हेवा करत होते. लिहितानाही लाज वाटते, पण खरं ते खरं.

तेव्हा मी चंद्रपूर जिल्ह्यात, मूल या गावी एका खासगी दवाखान्यात नर्स होते. बाईंचं घर राइस मिलच्या भिंतीला लागून होतं. पुढे लांब सपरी, म्हणजे आपली ओसरी, आणि मागे भाड्याच्या तीन खोल्या. बाई ढिवर समाजाच्या. पहाटे तलावावर जाऊन मासळी उचलायच्या आणि दुपारपर्यंत बाजारात बसून विकायच्या. माहेर पार कोरचीकडचं, छत्तीसगडच्या हद्दीला टेकलेलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेकरूबाळ नव्हतं.

मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी भाड्याचं काढलंच नाही. म्हणाल्या, "बस. येता येता काय पाह्यलं, सांग."

"काही विशेष नाही."

"बसस्टँडपासून इथवर आली न? डोळे मिटून आली का?"

मग मी आठवून सांगितलं, की रसवंतीपाशी एक म्हातारा चपला हातात घेऊन अनवाणी चालला होता. बाईंनी लगेच विचारलं, "काऊन?" मी म्हटलं, मला काय माहीत. त्यांचा चेहरा पडला. खोली दिली, पण मनाविरुद्ध दिली हे मला कळलं. पुढचा महिनाभर भाजी निवडताना, पाणी भरताना त्या मध्येच थांबून म्हणायच्या, "त्या बुढ्यानं चपला काऊन काढल्या असतीन वं?"

या 'काऊन'शिवाय, म्हणजे 'का'शिवाय, त्यांचं पान हलत नसे. बाजारातही तीच तऱ्हा. गिऱ्हाइकाने भाव विचारला की त्या भाव सांगायच्या आधी विचारणार, "खानार कोन?" घरात बाळंतीण असेल तर मरळ काढायच्या, जावई येणार असेल तर रोहू, आणि एकटादुकटा माणूस असेल तर झिंगे. झिंगे काऊन, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "सोलत बसंन. तेवढाच वेळ जाईन त्याचा." उत्तर न देणाऱ्याला मासळी नाही, हा नियम. एका ऑफिसातले साहेब भडकले, "कोण खाणार याच्याशी तुम्हाला काय करायचंय?" बाईंनी पाटीवर ओलं फडकं ओढलं आणि म्हणाल्या, "मंग माह्या मासळीलेबी तुमच्या घरी येऊन काय करायचं!"

भाडेकरूंनाही एक नियम होता. संध्याकाळी सहाला सगळ्यांनी सपरीत बसायचं आणि दिवसभरात पाहिलेली एक गोष्ट सांगायची. बाकीच्या दोन खोल्यांतल्या मुली रंगवून रंगवून सांगायच्या. माझ्यावर पाळी आली की मी म्हणायची, "पेशंट होते. दुसरं काय?" त्यातून माझं बोलणं धुतलेलं, इस्त्री केलेलं. माझी आई चंद्रपूरला शाळेत मराठी शिकवायची. लहानपणी तोंडातून 'मले' निघालं की दहा वेळा 'मला' लिहायला लावायची. बाई मला म्हणायच्या, "तू रेडिओसारखी बोलते पोरी. समोर कोनी असो का नसो."

हे वाक्य मला लागलं होतं. इतकं, की मी दोन दिवस सहाच्या बैठकीला गेले नाही.

नागपूरच्या एका एजन्सीमार्फत माझं जर्मनीला जायचं घाटत होतं, तिथल्या वृद्धाश्रमात नर्स म्हणून. त्यासाठी जर्मनची परीक्षा. वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग, आणि संधी दोनच. दुसऱ्यांदा घसरले तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार. पहिले तीन भाग माझ्या हातचे होते. व्याकरण तर मला असं पाठ होतं, की झोपेत उठवून विचारावं. पण बोलायला समोर जर्मन माणूस लागतो आणि तो मूलच्या आठवडी बाजारात मिळत नाही. म्हणून मी ऑनलाइन काय काय मिळतं ते शोधायला लागले. वहीत तक्ता आखला. शिकवणारे कोण, वेळ कोणती, नेट किती खातं, पहिला तास फुकट आहे का. बाई शेजारी बसून विळ्यावर मासे साफ करत होत्या.

"मासळी घेतानी कागद पाह्यते का मासळी पाह्यते?"

"बाई, ही मासळी नाहीये."

"बोलनंच हाय न? मंग मले दाखव."

अशी माझ्या करिअरची परीक्षक म्हणून बाईंची नेमणूक झाली. पहिला प्लॅटफॉर्म तासावर शिक्षक देणारा होता. तरुण, गोरा, हसरा शिक्षक आला. मला तर फारच आवडला. तास संपल्यावर बाई म्हणाल्या, "तो तुह्याकडं नाई, कोपऱ्यात पाहून राह्यला होता." कोपऱ्यात घड्याळ असणार, हे मलाही दिसलं होतं. "गिऱ्हाईक सोडून काट्याकडं पाहनाऱ्याशी काय बोलते तू?" झालं, तो गेला.

दुसऱ्या अॅपमध्ये माणूसच नव्हता. मशीन बोलायचं. चुकलं की गोड आवाजात दुरुस्त करायचं, रागवायचं नाही, हसायचं नाही. मला स्वर्ग मिळाल्यासारखं झालं. बाईंनी वीस मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "याले एकच गोष्ट दोनदा सांग." मी दोनदा सांगितलं, की मी नर्स आहे. दोन्ही वेळा मशीनला सारखाच आनंद झाला. "पाह्यलं? याले कंटाळाच येत नाई. ज्याले कंटाळा येत नाई न पोरी, तो ऐकतच नाई." मी चिडले, कारण मला नेमकं तेच हवं होतं. माझ्या बोलण्याचा कंटाळा न येणारं कुणीतरी.

तिसरीकडे नुसते आवाज होते. देशोदेशीचे आठ-दहा जण एका खोलीत शिरल्यासारखे आणि प्रत्येक जण आपली पाळी यायची वाट बघतोय. बाई म्हणाल्या, "हे त धान विकायची लाइन हाय. समद्यायचं ध्यान आपल्या नंबरावर. दुसऱ्याचं कोन ऐकते?"

चौथ्यावर अदलाबदल होती. अर्धा तास तुम्ही तुमची भाषा द्या, अर्धा तास ते त्यांची देणार. शिक्षक नाही, फी नाही. मी ते तक्त्यात सगळ्यात खाली टाकलं होतं. मराठी शिकायला कोणाला पडलीय? पण बाईंनी हातातला मासा खाली ठेवला. "हे बरं हाय. रोवन्याच्या सावडीसारखं. आज तू माह्या धानाच्या बांदीत, उद्या मी तुह्या बांदीत. दोघीयलेबी गरज पायजे. एकीची गरज न एकीचा उपकार, असं बोलनं टिकत नाई."

तिथे मराठी हवं असणारी अख्ख्या जर्मनीत एकच बाई निघाली.

तिचा नवरा तरुणपणी आमच्या चंद्रपूरकडे, माजरीला कोळशाच्या खाणीत मशीन बसवायला आला होता. दोन वर्षं राहिला आणि खाणीतल्या कामगारांकडून मराठी उचलून गेला. पुढे आयुष्यभर त्याने ती भाषा काढली नाही. शेवटच्या आजारपणात मात्र तो मधूनच जर्मन विसरायचा आणि मराठी बोलायचा. उशाशी बसलेल्या बायकोला एक अक्षर कळत नव्हतं. तिने ते कानाला ऐकू आलं तसं एका वहीत लिहून ठेवलं होतं. नवरा गेला, वही राहिली.

पहिल्याच दिवशी तिने ती वही उघडली आणि अडखळत वाचलं, "मले पानी दे."

मी अर्थ सांगितला. आणि वर, देवा, वर असंही सांगितलं, की शुद्ध रूप 'मला' आहे, आणि 'पाणी' मधला ण मूर्धन्य आहे. तिचा चेहरा विझला. चौकटीबाहेर बसलेल्या बाईंना राहवलं नाही. त्या माझ्या खांद्यावरून सरळ फोनमध्ये घुसल्या. "मलेच म्हने तो! बराबर म्हने!" आणि मग त्यांनी डोळे अर्धे मिटले, मान एका अंगाला टाकली, आणि तापातला माणूस मागतो तसं, हळूच, हक्काने म्हटलं, "मले पानी दे वं."

पलीकडची बाई रडायला लागली. ती मला म्हणाली, असंच, अगदी असंच म्हणायचा. मग तिने पुढची ओळ वाचली. "काऊन रडून राह्यली?"

बाई म्हणाल्या, "आता तिले सांग, हे तो तिलेच विचारत होता."

मी सांगितलं. त्या दिवशी माझा अर्धा तास जर्मनचा होता, तो तसाच गेला. आणि जर्मनीतली माझी बाई त्याच दिवशी माझ्या हातून गेली, हे मला तेव्हाच समजलं होतं.

पुढे या दोघींचं जे चालू झालं, त्याला काय म्हणावं? बाईंनी जर्मन शब्द एकच उचलला, 'वारूम'. म्हणजे काऊन. तिने मराठी शब्द उचलला, 'काऊन'. एक विचारणार वारूम, दुसरी विचारणार काऊन, आणि बाकीचं हातवारे, भांडी, मासे, फोटो आणि हसणं. ती बर्फ दाखवायची, बाई विचारायच्या वारूम. बाई मागूर माशाच्या मिशा दाखवायच्या, ती विचारायची काऊन. सुरुवातीला दुभाषी म्हणून मध्ये मी लागायची. तिसऱ्या आठवड्यात तीही गरज उरली नाही. माझं काम फोन धरून ठेवण्याचं.

बोलायच्या आधी बाई लिंबाने कोपरापर्यंत हात घासायच्या, तोंड धुवायच्या, पावडर लावायच्या. मी म्हटलं, "बाई, फोनमधून मासळीचा वास जात नाही." त्या म्हणाल्या, "मले माहीत हाय. पन मले येते न." मी कधी रागाने म्हणायची, "बाई, परीक्षा माझी आहे." "मंग बोल न. मी का तुहं तोंड धरलं?" आणि फोन माझ्याकडे वळवायच्या. मी घसा खाकरून जर्मनमध्ये म्हणायची, "आज इकडे हवा चांगली आहे." ती तिकडून म्हणायची, "हो का, छान." आणि दोघी गप्प. दोन मिनिटांनी तिची नजर चौकटीच्या कडेला जायची, बाई दिसतात का बघायला. तेव्हा अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

श्रावणात कहर झाला. बाईंच्या माहेराकडे बायका अंधाऱ्या कोपऱ्यात, पळसाच्या द्रोणात गहू पेरतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी त्याचे पिवळे कोंब तलावात सोडतात, थोडे धुऊन परत आणतात आणि जिच्याशी जन्माचं मैत्र जोडायचं तिच्या कानावर खोवतात. ही भुजली. एकदा भुजली झाली की सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची. तिचं नाव घ्यायचं नाही, भुजलीच म्हणायचं, तिच्या घरचं सुखदुःख आपल्या घरचं. बाईंनी तिला महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं. तिने सूप प्यायच्या खोलगट थाळीत गहू पेरून कपाटात ठेवले, आणि रोज कपाट उघडून आम्हाला दाखवले.

त्या दिवशी तिकडे तिने स्वतःच्याच कानावर कोंब खोवले. बाई म्हणाल्या, "चालते. तिच्याजवळ मानूस नाई." इकडे मात्र माणूस होता. बाईंनी मला समोर बसवलं, तिच्या जागी म्हणून, आणि माझ्या कानामागे कोंब खोवले. ओल्या मुळांचं पाणी माझ्या मानेवरून खाली गेलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी, फोनमध्ये तिच्या डोळ्यांत पाणी. मध्ये मी, खुंटीसारखी. माझ्या कानावर होतं, पण माझं नव्हतं. त्या घरात मी दोन वर्षं राहत होते, आणि माझ्याशी भुजली करावी असं कोणालाही वाटलं नव्हतं. बाईंच्या त्या नियमामुळे मीही इथे तिचं नाव लिहीत नाही.

दसरा झाल्यावर परीक्षेचा निकाल लागला. मी दवाखान्यात ड्युटीवर होते. वाचणं, ऐकणं, लिहिणं उत्तम. बोलण्यात नापास. ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन मी पाच मिनिटं उभी राहिले. तेवढ्यात फोनवर तिचा आवाजी निरोप आला. बरं वाटलं. म्हटलं, हिला निकालाची तारीख लक्षात आहे. निरोप तीन मिनिटांचा होता. भुजलीच्या गुडघ्याला आता कसं आहे, भुजलीने सांगितलेली आंबाडीची भाजी तिकडे कोणत्या पानांची करता येईल, भुजलीला सांग की खिडकीत पक्षी आला होता. शेवटी, अगदी शेवटी, तुझ्या परीक्षेचं काय झालं गं, असं एक वाक्य होतं, आणि ते पुरं व्हायच्या आत निरोप तुटला.

घरी पोचले तर बाई पावडर लावून सपरीत तयार. "आली का? लाव मंग फोन. भुजली वाट पाहत असंन."

मी चपलाही काढल्या नव्हत्या. मी म्हटलं, "वारली ती."

तोंडातून निघेपर्यंत मलाही माहीत नव्हतं, की मी हे बोलणार आहे. चौदा महिन्यांत मी इतकं सहज काही बोलले नव्हते. बाईंनी विचारलं, "कवा?" मी म्हटलं, "काल. झोपेत." त्यांनी पदराने तोंडावरची पावडर पुसली आणि आत गेल्या.

मला वाटलं होतं, दोन दिवस हळहळतील आणि विसरतील. फोनवरची बाई ती, किती दिवस पुरणार? पण बाईंनी सुतक धरलं. पक्कं, सख्ख्या बहिणीचं धरावं तसं. दहा दिवस मासळीची पाटी पालथी. केसांना तेल नाही, भाजीला फोडणी नाही, झोपणं जमिनीवर. तलावातून चांगला माल निघायला लागला होता, आणि बाजारात त्यांची जागा रिकामी. शेजारणी समाचाराला यायच्या. बाई त्यांना सांगायच्या, "माही भुजली गेली. तिकडं जर्मनीत होती." बायका माझ्याकडे वळून विचारायच्या, "काय झालं होतं वं सिस्टर?" आणि मी नर्स असल्यामुळे मला आजारही सांगावा लागायचा.

आणि भुजली जिवंत होती. मी दवाखान्याच्या गच्चीवरून दुपारी तिच्याशी बोलायची. तिला सांगितलं, बाई माहेरी गेल्या आहेत. अखेर ती माझी एकटीची झाली होती, पूर्ण तास. आणि आम्ही काय बोललो? हवा. जेवण. पुन्हा हवा. सहाव्या दिवशी तिने जांभई दिली. हात तोंडापुढे धरून, सभ्यपणे दिली, पण मी पाहिली. अॅपमधलं ते मशीन तरी जांभई द्यायचं नाही.

दहाव्या दिवशी बाई म्हणाल्या, "चाल माह्यासंगं तलावावर, भुजलीले पानी द्यायले. तिच्याकडचं कोनीतरी पायजे. तूच तिच्याकडची." मी गेले. बाई गुडघाभर पाण्यात उतरल्या. पहिली ओंजळ सोडली, दुसरी सोडली. तिसरी भरून घेतली आणि वळून माझ्याकडे पाहिलं. "काई सांगायचं हाय का तुले?"

सांगायचं होतं. मी म्हटलं, "काही नाही."

बाईंनी तिसरी ओंजळ सोडली.

परतताना तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मला पुढे पाऊल टाकवेना. मी मागूनच म्हटलं, "बाई, ती जिवंत आहे. मी खोटं बोलले."

त्या थांबल्या. हातातला ओला लोटा खाली ठेवला. "जिती हाय?"

"हो."

"बरी हाय न?"

"बरी आहे. रोज तुम्हाला विचारते."

बाई पाळीवर खाली बसल्या. मला वाटलं, आता शिव्या देतील, मारतील, खोली सोडायला लावतील. मी सगळ्याला तयार होते. त्यांनी विचारलं, "काऊन केलं?"

"मला हेवा वाटला. तुम्ही आलात की ती माझ्याकडे बघतच नव्हती. तुम्हीही नाही. मी मध्ये बसलेली असायची आणि मी कोणाचीच नव्हते. मी नापास झाले, बाई. आणि ते तुम्हा दोघींना माहीतसुद्धा नव्हतं."

मी रडत रडत बोलत होते. आईने शिकवलेलं सगळं बाजूला राहिलं होतं, मधेच 'मले' निघालं, मधेच 'काऊन' निघालं. बाई ऐकत होत्या. सहाच्या बैठकीत त्या दुसऱ्या मुलींचं ऐकायच्या तशा, मान तिरकी करून. माझं संपल्यावर म्हणाल्या, "आज पह्यल्यांदा काई सांगितलं तू मले."

मी फोन काढला. "लावू? आत्ता लावते. मी सगळं सांगते तिला."

"नको." त्या उठल्या. "पानी देऊन झालं. पानी देल्लेल्या मानसाशी बोलत नसतात, तिच्या जिवावर येते. तू बोल. तुले पास व्हायचं हाय."

मी हातापाया पडले. त्या ऐकेनात. दुसऱ्या दिवशी पाटी डोक्यावर घेऊन तलावावर गेल्या, जसं काही झालंच नाही. माझं भाडंही वाढवलं नाही, बोलणंही कमी केलं नाही.

पुढे दवाखान्यात कोरचीकडची एक म्हातारी आली होती. सलाइन लावताना मी तिला सहज विचारलं, की चुकून जित्या माणसाला पाणी दिलं तर तुमच्याकडे काय करतात? ती हसली. "नारळ फोडायचा न बोलायचं. मेल्याची खबर खोटी निघाली, मंग त लय चांगलं." म्हणजे रीतबीत काही नव्हती. बाईंनी आपला वाटा सरळ उचलून माझ्या ताटात टाकला होता, आणि वर रीतीचं नाव दिलं होतं. त्या दिवशी मला त्यांचा आणखीनच हेवा वाटला. इतकं सहज सोडून देता येतं कोणाला?

भुजलीला मी सांगितलं, की बाईंना आता ऐकू कमी येतं, फोनवर बोलवत नाही. तिने कानाच्या यंत्रांची छापील माहिती पोस्टाने पाठवली, चाळीस पानं. तिची जांभई थांबवायची तर मला बाईंबद्दल बोलावं लागायचं, दुसरा इलाजच नव्हता. मग बाई आज काय म्हणाल्या, बाजारात कोणाशी भांडल्या, कोणाला मरळ दिली, कोणाला परत पाठवलं, हे सगळं मी जर्मनमध्ये सांगायला लागले. सांगायचं म्हणून आधी बघायला लागले. व्याकरण चुकायचं, ती थांबवून विचारायची, "काऊन?", आणि मला उत्तर माहीत असायचं. दुसऱ्या परीक्षेत बोलण्याच्या भागात मला उत्तम गुण पडले.

निघायच्या दिवशी बाई बसस्टँडवर आल्या होत्या. मला म्हणाल्या, "खात जाजो. बोलत जाजो." भुजलीचं नाव काढलं नाही.

आता मी जिथे नोकरी करते तिथून भुजलीचं घर रेल्वेने तासाभरावर आहे. एक रविवार सोडून मी तिच्याकडे जाते. बाईंना दर आठवड्याला फोन करते. त्या मला सगळं विचारतात, काय पाहिलं, काऊन पाहिलं. भुजलीबद्दल एका शब्दाने नाही. पण मध्येच, विषय नसताना, म्हणतात, "म्हाताऱ्या मानसायनं एकट्यानं जेवू नये." किंवा, "गुडघ्याले शेक द्यावा." मी विचारत नाही कोणाच्या.

परवा म्हणाल्या, "तिकडं थंडी पडली असंन. म्हाताऱ्या मानसायच्या टाचा फुटतात. तेल कोमट करून चोळावं, न वरून मोजे घालावं."

रविवारी मी भुजलीकडे गेले. तेल कोमट केलं, जमिनीवर बसून तिचा पाय मांडीवर घेतला आणि टाचेला तेल चोळायला लागले. तिने डोळे मिटून घेतले. मग डोळे न उघडता विचारलं, "हे बाईंनी सांगितलं ना?"

मी म्हटलं, "नाही. माझं मलाच सुचलं."